डावीकडून दुसरा

हा किस्सा मीच सांगतो. मी नाही सांगितला तर आमच्या बिल्डिंगमधलं कोणीही सांगेल, आणि ते लोक त्यात मीठमसाला घालतात. मी घालणार नाही. गरजच नाही.

माझं दुकान टाइल्सचं. विरार पूर्वेला, मनवेलपाड्याच्या रस्त्यावर. टाइल्स, नळ, बेसिन, कमोड, सगळं. शिक्षण विचाराल तर दहावी, तीही घासून. पण धंद्यात जे जे लागलं ते आपलं आपण शिकलो. फरशी कशी बसते ते मिस्त्रीच्या शेजारी उकिडवा बसून शिकलो. गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलायला शिकलो. दोन हजार सालाच्या आसपास जो तो सांगायला लागला की कॉम्प्युटरशिवाय पुढे धंदा नाही, तेव्हा एक जुना कॉम्प्युटर घेतला आणि तोही शिकलो. क्लास नाही, पुस्तक नाही. एक बटण दाबायचं आणि काय होतं ते बघायचं. भलतंच काही झालं तर बंद करून परत चालू करायचं. सांगा, याहून जास्त काय शिकवतात क्लासमध्ये?

सोसायटीच्या सभेत एकदा कोणीतरी विचारलं, "आपल्यात कॉम्प्युटर कोणाकडे आहे?" मी ऐटीत हात वर केला. हात खाली येईपर्यंत मी सेक्रेटरी झालो होतो.

आमची बिल्डिंग तेव्हा सात वर्षांची होती आणि गळत होती. वरच्यांचं बाथरूम गळायचं आणि खालच्यांच्या स्वयंपाकघराच्या छतापर्यंत ओल यायची. मग खालचे वर जाऊन भांडायचे, वरचे म्हणायचे आमचं नाही, पाइपाचं आहे. रोज जिन्यात सभा. आमचे चेअरमन सामंतसाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा तोंडी बोलण्यावर विश्वासच नाही. घरी बायकोने चहा हवा का विचारलं तरी ते "कळवतो" म्हणतात असं ऐकून आहे.

ते म्हणाले, "सेक्रेटरी, भांडणं बंद. सचित्र अहवाल तयार करा. प्रत्येक गळक्या छताचा फोटो, त्याखाली एक ओळ. कोणाचं छत आणि वर कोणाचं बाथरूम. ज्याच्या बाथरूममुळे जास्त नुकसान, त्याने ते आठ दिवसांत फोडून दुरुस्त करायचं. नाही केलं तर त्याच्या बाथरूमचं पाणी बंद. करा ठराव."

ठराव झाला. मी एका फोटोग्राफरला यादी देऊन घरोघर पाठवलं. सहा फ्लॅटांची छतं. त्यातला आमच्या बरोब्बर खालचा २०२ कायम बंद. मालक आखाती देशात, किल्ली आमच्याकडे. बायकोने फोटोग्राफरला किल्ली दिली, त्याने फोटो काढून किल्ली परत दिली. मी स्वतः काही कुठे गेलो नाही. सेक्रेटरी कशाला जातोय?

फोटो स्कॅन करून आणले आणि कामाला बसलो. एकाखाली एक, पानावर तीन. शेवटच्या पानावर आमच्या कार्यकारिणीचा गेटजवळचा फोटो, पाचजण छाती काढून उभे. आता प्रश्न आला खालच्या ओळींचा. ओळ टाइप करायला जावं तर ती कधी फोटोच्या शेजारी, कधी डोक्यावर. मग एकेक बटण दाबता दाबता मला एक खोका सापडला. म्हणजे छोटी चौकट हो. ओळ त्या खोक्यात लिहायची आणि माऊसने ओढत फोटोखाली नेऊन सोडायची. जिथे सोडाल तिथे बसते, हलत नाही. मी तर खूशच झालो. सात फोटो, सात खोके. मला वाटलं, ओळ फोटोला चिकटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामंतसाहेब दुकानात हजर. हातात एक फोटो.

"सेक्रेटरी, जिन्याचं छत राहिलं. माझ्या दारासमोरचं. ते सगळ्यात पहिलं घाला."

"साहेब, सगळं लावून झालंय."

"मग एक वाढवा. कॉम्प्युटर आहे ना तुमच्याकडे?"

त्यांच्यासमोर नाही कसं म्हणणार? समोरच्या दुकानातून स्कॅन करून आणला आणि पहिल्या पानावर अगदी वर टाकला. बाकीचे सगळे फोटो एकेक जागा खाली सरकले. बाकावर नवा माणूस आला की बाकीचे सरकून जागा देतात ना, तसे. मला त्या कॉम्प्युटरचं कौतुक वाटलं. म्हटलं, काय शहाणं यंत्र आहे, सांगावंही लागत नाही. जिन्याच्या फोटोची ओळ नंतर लिहू म्हणत होतो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक गुलाबी कमोड मागायला आलं. गुलाबी कमोड रोज विकला जातो का? मी एका हाताने प्रिंटचं बटण दाबलं आणि त्याच्या मागे गेलो.

संध्याकाळी नोटिसा वाटल्या. पूर्ण अहवाल फायलीत, आणि ज्याचा त्याचा संबंध असलेल्या पानाची झेरॉक्स ज्याच्या त्याच्या दारात.

घरी येऊन मी आमचं पान बायकोला दाखवलं. "२०२ चे छत, वर ३०२ चे बाथरूम." वरच्या फोटोत एक पापडाएवढा डाग.

"आपलं एवढंच?" ती म्हणाली.

"मग? टाइल्स कोणाच्या दुकानातल्या? आणि बसवल्या कोणी?"

बाथरूमची फरशी मी स्वतः बसवली होती, मिस्त्री न लावता. सांगितलं ना, आपलं आपण शिकलो.

पण त्याखालचा फोटो मात्र भलताच होता. छताचा गिलावा गळून पडलेला, आतल्या सळया बाहेर, त्याही गंजलेल्या, आणि कडेने काळी बुरशी. खाली ओळ, "२०३ चे छत, वर ३०३ चे बाथरूम."

३०३ म्हणजे आमच्या शेजारच्या आंगणेकाकू.

आता काकूंबद्दल सांगायला पाहिजे. मूळच्या मालवणकडच्या. काका गेल्यापासून एकट्या, पण आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून भाजीवाल्याला थांबवतात. मला लहानपणापासून ओळखत असल्यासारखं अरेतुरे. आणि एक गोष्ट माझ्या मनात सलत होती ती खोटं कशाला बोलू, सांगून टाकतो. दोन वर्षांपूर्वी काकूंनी बाथरूम नवं केलं तेव्हा फरशी वसईतल्या दुसऱ्या दुकानातून आणली होती. शेजारी टाइल्सचं दुकान असताना.

त्यामुळे तो फोटो बघून मला वाईट वाटलं हे खरं, पण अगदीच वाईट वाटलं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काकू. हातात नोटीस.

"सुभाष, हे काय?"

"काकू, नोटीस आहे. तुमचं बाथरूम फोडावं लागणार."

"माझी मोरी गळत नाही."

"फोटोत दिसतंय ना."

"फोटोत दिसतंय ते मी पण बघितलं. पण माझी मोरी गळत नाही. आणि ऐक. माधवी येतेय बाळंतपणाला. पुढच्या आठवड्यात येईल, पंधरा-वीस दिवसांत मोकळी होईल. तेल लावून अंग शेकायचं, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायचं, ते काय गॅलरीत? एकच मोरी आहे मला. ती तू आता फोडणार, दहा दिवस पाणी भरून ठेवणार, मग फरशी लावणार. माझी लेक आल्या पावली परत जाईल. सासरी म्हणतील, आईकडे साधी मोरी नाही."

मी विरघळलो होतो हो. पण सेक्रेटरीने विरघळून चालतं का?

"काकू, मी वाटेल ती मदत करीन. फरशी माझ्या दुकानातून घ्या, खरेदीच्या भावात देतो."

हे बोलायला नको होतं. काकूंनी चष्मा काढला.

"अस्सं. म्हणून रिपोर्ट होय?"

आणि निघून गेल्या. दुपारपर्यंत चारही मजल्यांवर एकच बातमी. टाइलवाल्याने टाइल्स खपवायला अहवाल काढला. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने तर मला जिन्यात अडवून विचारलं, "आमचं पण फोडायचंय का? नाही, रंग आधी ठरवायला लागेल."

तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, २०३ मध्ये जाऊन छत का नाही बघितलंस? बरोबर आहे. काकू मात्र गेल्या. २०३ मध्ये सुर्वेअण्णा राहतात, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघरात मान वर करून बघितलं. काय होतं? कपाखालच्या बशीएवढा एक पिवळट डाग. सळया नाहीत, बुरशी नाही, गिलावा जागच्या जागी.

"अण्णा, ह्या फोटोतलं छत तुमचं नाही."

"काकू, आपल्या डोळ्यावर जाऊ नका," अण्णा म्हणाले. "डोळ्याला वरचा रंग दिसतो. फ्लॅशच्या उजेडात आतलं दिसतं. एक्सरे नाही का काढत? आणि हे कॉम्प्युटरमधून आलंय. छापलेलं आहे. त्यावर नंबर आहे. मी चौतीस वर्षं कोर्टात काढली, छापलेल्या कागदाच्या विरुद्ध कोणी जिंकलेलं बघितलं नाही."

त्या दिवसापासून अण्णांनी स्वयंपाकघरात उभं राहणं सोडलं. डबे पलंगाखाली नेले. गॅस हॉलमध्ये आणला. पाणी प्यायला आत जायचं झालं तर डोक्यावर पाट धरून जायचे. हे मी स्वतः पाहिलं. एका हाताने डोक्यावर पाट, दुसऱ्या हाताने माठातलं पाणी.

काकू परत माझ्याकडे. "मी बघून आले. बशीएवढा डाग आहे. चल, दाखवते."

आता इथे कुठल्याही माणसाला शंका आली असती. मलाही आली. पण कोणती? मला वाटलं, फोटोनंतर कोणीतरी चुना लावून डाग झाकला. तसं मी बोलूनही दाखवलं.

"चुना?" काकू म्हणाल्या. "गंजलेल्या सळयांना? तू टाइल्स विकतोस ना रे?"

"म्हणजे सिमेंट आणि वर चुना."

"आणि ते सिमेंट लावलं कोणी? अण्णांनी, डोक्यावर पाट घेऊन?"

अशा वेळी माणूस काय करतो? अधिकार दाखवतो. मी म्हटलं, "काकू, अहवालात आहे ते आहे. रविवारी मिस्त्री येईल. नाहीतर ठरावाप्रमाणे पाणी बंद करावं लागेल."

काकू दार न आपटता गेल्या. काकूंनी दार आपटलं नाही म्हणजे प्रकरण गंभीर. बायको आतून म्हणाली, "अहो, तिची पोर नवव्या महिन्यात आहे."

"मला माहितेय."

"तुम्हाला फक्त कॉम्प्युटर माहितेय."

रविवारी सकाळी मिस्त्री आला. जनू मिस्त्री, जवळच्याच एका गावचा, भातशेतीवाला माणूस. पण मोरी आणि टाक्या यांच्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. सामंतसाहेब ठरावाची प्रत घेऊन हजर. अण्णा आले, पाट घेऊन. मी आलो, फाईल घेऊन. काकूंच्या बाथरूममध्ये सगळे दाटीवाटीने. माधवी आदल्याच दिवशी आलेली. ती बाहेर खुर्चीवर पाय पसरून बसलेली, दोन्ही हात पोटावर, आणि माझ्याकडे अशी बघत होती की मी आपला नळाकडे बघत राहिलो.

जनूने हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकली. इथे, तिथे, कोपऱ्यात, जाळीपाशी. मग उकिडवा बसून राहिला.

"शेट, हिला काय झाला नाय. कोबा पक्का हाय. पानी इथून नाय जात."

"जनू, फोड तू. अहवालात आलंय."

"आवाज ऐका ना. भरीव हाय. पानी मुरला असता तर पोकळ वाजली असती."

"अरे, कॉम्प्युटरमध्ये आलंय."

जनूने हातोडी माझ्यासमोर धरली. "मग कॉम्प्युटरलाच सांगा फोडायला."

सगळे हसले. काकू सोडून. शेवटी सामंतसाहेबांनी तोडगा काढला. एक फरशी फोडून बघायची, जाळीजवळची. जनूने नाइलाजाने छिन्नी लावली. फरशी फुटली, खालचा कोब्याचा, म्हणजे पाणी अडवणारा, थर उचकटला. आत हात घालून त्याने मूठभर माल काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. कोरडा. फुंकर मारली असती तर उडाला असता.

"आता?" काकू म्हणाल्या.

"आता…" मी म्हणालो. आणि तळहात झटकून पँटला पुसला.

"मला एकच पान दिलंस तू. ते सगळं बाड दाखव."

मी फाईल दिली. काकू स्वयंपाकघरात जाऊन ओट्यापाशी स्टुलावर बसल्या, चष्मा लावला आणि शेवटच्या पानापासून वाचायला लागल्या. त्या पेपरही असाच वाचतात, निधनवार्ता आधी. शेवटचं पान उघडलं, चष्मा पुसला, परत बघितलं. मग मला बोलावलं.

"सुभाष, इकडे ये. ह्यात तू कुठला?"

मी दुरूनच म्हणालो, "डावीकडून दुसरा."

"हा? हिरवा?"

मी जवळ गेलो. पानावर वर एक छत होतं. ओलं, मधोमध एक मोठा पोपडा आणि त्याला लागून हिरव्या शेवाळाचा पट्टा. त्याखाली माझ्याच हाताने टाइप केलेली ओळ होती, "गळतीविरुद्ध खंबीरपणे उभी असलेली आपली कार्यकारिणी. डावीकडून, चेअरमन श्री. सामंत, सेक्रेटरी…" आणि पुढे मी. आणि त्याच पानावर खाली आम्ही पाचजण छाती काढून उभे, आमच्याखाली अक्षर नाही.

सामंतसाहेबांनी खांद्यावरून वाकून बघितलं. "म्हणजे हा पोपडा मी?"

"डावीकडून पहिले असाल तर तुम्हीच," काकू म्हणाल्या.

मला अजून उलगडा होत नव्हता. मी म्हणत होतो, असं होणारच नाही, मी स्वतः एकेक ओळ फोटोखाली नेऊन बसवली. काकूंनी काय केलं, माहितेय? मागच्या फळीवरच्या बरण्या ओट्यावर ओळीने मांडल्या. तूरडाळ, चणाडाळ, मसूर.

"नाव कुठे लिहिलंय?"

"बरणीवर."

"झाकणावर का नाही?"

मी एका बरणीचं झाकण फिरवून बघितलं.

"नवीन संसारात मी झाकणावर लिहायचे," काकू म्हणाल्या. "एकदा सगळ्या बरण्या धुतल्या, पुसल्या, झाकणं लावली. महिनाभर आमचे हे चणाडाळ समजून तुरीची पुरणपोळी खात होते. तेव्हापासून नाव बरणीच्या अंगावर. बरणी सरकली की नाव सरकतं. तू नावं लिहिलीस कुठे? बरणीवर की फळीवर?"

आणि मला तो बाक आठवला. जिन्याचा फोटो वर येऊन बसला होता आणि बाकीचे सगळे शहाण्यासारखे एकेक जागा खाली सरकले होते. फोटो सरकले. खोके सरकले नाहीत. ते जिथल्या तिथे, मी सोडले तिथेच. मी फोटोला चिकटवलं म्हणत होतो, ते मी कागदाला चिकटवलं होतं. फळीवर लिहिलं होतं.

"म्हणजे," सामंतसाहेब बोटांवर मोजत म्हणाले, "प्रत्येक फोटोखाली त्याच्या पुढच्याचं नाव आलं."

"मग माझं छत बशीवालं?" अण्णांनी विचारलं. त्यांनी पाट खाली ठेवला, पण जरा नाराजीनेच. आठवडाभर ते बिल्डिंगमधले सर्वांत संकटात सापडलेले गृहस्थ होते. ते पद गेलं.

काकूंनी पहिलं पान काढलं. त्यांचं बोट त्या गंजलेल्या सळयांच्या फोटोवर आलं. "आता ह्याच्याखाली लिहिलंय २०३. म्हणजे हा आहे त्याच्या आधीचा. २०३ च्या आधी काय येतं रे?"

मला येत होतं. दहावी घासून झाली असली तरी एवढं येत होतं.

"२०२."

"आणि २०२ च्या वर कोण राहतं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माधवी बाहेरून म्हणाली, "काय झालं आई?"

२०२ ची किल्ली आमच्याच घरी, खिळ्याला. सगळी वरात खाली गेली. मी कुलूप काढलं. दार उघडायला जोर लावावा लागला, कारण फुगलं होतं. आत स्वयंपाकघराच्या छताचा निम्मा गिलावा खाली बादलीत आणि बादलीच्या बाहेर. वर सळया. तोच फोटो, फक्त खरा. आणि एका सळईच्या टोकावरून थेंब. टप. थोडं थांबून, टप.

आम्ही सगळे माना वर करून बघत होतो तेवढ्यात थेंबांची घाई झाली. टप टप टप, आणि मग सरळ धारच लागली.

"वर कोणीतरी आंघोळीला बसलं," अण्णा म्हणाले.

बायको होती. मला एवढ्या लोकांसमोर कधी ओशाळल्यासारखं झालं नव्हतं, आणि तिला तर पत्ताच नव्हता.

जनूने वाकून खाली पडलेला एक तुकडा उचलला, निरखला, आणि विचारलं, "शेट, वरची फरशी बसवली कोनी? ज्याने बसवली त्याने खाली कोबाच नाय घातला."

मी कामात असल्यासारखा कुलपात किल्ली फिरवत राहिलो.

"सांग की," काकू म्हणाल्या. "आपलं आपण शिकलेला एक माणूस आहे, म्हणावं."

मग काय, ठराव तो ठराव. आठ दिवस कशाला, जनूने त्याच दुपारी आमचं बाथरूम फोडायला घेतलं. कोबा, पाणी भरून ठेवणं, फरशी, सगळं धरून बारा दिवस. आणि बारा दिवस आम्ही नवरा-बायको आंघोळीला कुठे जात होतो? टॉवेल खांद्यावर टाकून, साबणाची डबी हातात घेऊन, शेजारी. काकूंच्या मोरीत. सकाळी आधी माधवी, मग काकू, मग आमची ही, आणि शेवटी, गरम पाणी संपल्यावर, मी. काकू बाहेरून म्हणायच्या, "सुभाष, जपून हां. पाणी सांडू नको, खालच्यांचं छत गळेल."

बाराव्या दिवशी आमचं काम संपलं आणि पंधराव्या दिवशी माधवीला मुलगी झाली. बाळीला घरी आणलं त्या दिवशी काकूंची मोरी धुऊन पुसून तयार होती. फक्त एक गोष्ट राहिली. मी फोडायला लावलेली ती जाळीजवळची फरशी. काकूंची फरशी आकाशी रंगाची, आणि तो नमुना बाजारात मिळेना. वसईच्या त्या दुकानात गेलो, नालासोपाऱ्यात शोधलं, कामणच्या गोदामात अर्धा दिवस खोकी उपसली. नाही म्हणजे नाही. शेवटी माझ्या दुकानातली एक गुलाबी लावली. त्या गुलाबी कमोडच्या जोडीची. आता काकू बरोबर त्याच फरशीवर पाट ठेवून नातीला पायावर घ्यायच्या, आणि आलेल्या प्रत्येक बाईला सांगायच्या, "ही फरशी शेजारच्याची. पुढे तुला सांगीन हो माझ्या बाय, फार मोठी गोष्ट आहे."

पण माझी गोष्ट इथे संपत नाही. सामंतसाहेबांनी दुरुस्त अहवाल मागितला आणि तो गेटजवळच्या काचेच्या फळ्यावर महिनाभर लावायचा ठराव केला. एकमताने. माझंही मत त्यात मोजलं.

या वेळी मी नीट शिकलो. एका टायपिंगवाल्याला विचारलं, हो, आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. त्याने दाखवलं की एक तक्ता काढायचा, एका चौकटीत वर फोटो, त्याच चौकटीत खाली ओळ, आणि चौकट दोन पानांत तुटू नये अशी एक खूण करायची. मग वर दहा फोटो घाला, नाहीतर अख्खं भाषण घाला, फोटो जाईल तिथे ओळ जाते. नाव बरणीच्या अंगावर.

सगळं लावून झालं. पहिल्याच पानावर, बरोब्बर मधोमध, नजर जाईल तिथे, ते सळयांचं छत आलं. खाली ओळ, "२०२ चे छत, वर ३०२ चे बाथरूम, सेक्रेटरी." येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बघणार. दूधवाला बघणार, पोस्टमन बघणार, गिऱ्हाइकं बघणार.

म्हटलं, कोण बघतंय. फळ्यावर पानं शेजारीशेजारी लागणार, निदान ती ओळ तेवढी फोटोपासून तुटून पुढच्या पानावर जाईल का बघू, म्हणजे छत कोणामुळे गळतंय ते कळायचं नाही. फोटोच्या वर जाऊन हळूच एंटर मारला. एक, दोन, तीन, चार. आणि खरोखरच ती ओळ सरकली. पुढच्या पानावर गेली.

फोटो घेऊन गेली. आणि आता त्या पानावर फोटो आणि ओळ, दोघं जोडीने, सगळ्यात वर.